ढकलूक माणसा किती?

तात्यांनी फोटो बघितलेच नाहीत. मांगराच्या दारात जुन्या टायरवर बसून ते जाळ्याचं भोक सांधत होते. जाळ्याची कड पायाच्या अंगठ्यात अडकवलेली, दोऱ्याचं टोक दातात, आणि हातातली सुई सावकाश, न चुकता एकेका फासातून जात होती. मी समोर उकिडवा बसून फोनवर तीन होड्या दाखवत होतो. एक २२ फुटी, एक १२ फुटी, एक १६ फुटी. तिन्ही वापरलेल्या, तिन्ही फायबरच्या. लांबी, रुंदी, इंजिन, किंमत सगळं वहीत लिहून आणलं होतं, ते वाचूनही दाखवलं. तात्यांनी दोरा दाताने तोडला, गाठ बोटाने चाचपली आणि म्हणाले, "ढकलूक माणसा किती आसत?"

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे काय, तात्यानू?"

"होडी घेतलस. सकाळी ती पाण्यात घालूची. इल्यावर परत वर ओढूची. माणसा किती आसत तुझ्याकडे, ता सांग. लांबी मगे बघ."

मी म्हणालो, मी आणि बायको. दोन. तात्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की कसली ते कळलं नाही, आणि ते पुन्हा जाळ्याकडे वळले. मी थोडा वेळ तिथेच बसलो, मग वही मिटून घरी आलो. वाटेवर ऊन चढलं होतं, वाळू तळव्यांना चटके देत होती, आणि तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना.

तीन महिने मी लांबीच्या मागे होतो. पुण्याची नोकरी सोडून मालवणजवळच्या देवबागला परत आल्यावर पहिली गोष्ट करायची ती होडी, हे मनात फार वर्षांपासून ठरलेलं. धंदा करायचा नव्हता. घरापुरती मासळी, चार घरी देता येईल एवढी, आणि पहाटे पाण्यावर असणं, एवढंच हवं होतं. कर्लीच्या खाडीत कांदळाच्या मुळांशी काळुंदर, खडकाच्या कपारीत तांबोशी, मुखाजवळ वाळूवर मुडदुशे, आणि पाणी शांत असेल त्या दिवशी मुखाबाहेर पडून निवतीच्या दिशेने थोडं जायचं, बांगडा नाहीतर नशिबाने एखादी इसवण. एका होडीकडून एवढ्या सगळ्याची अपेक्षा करताना मला कधी अवघड वाटलं नाही. पण ही दोन वेगळी पाणी आहेत. कांदळात शिरायचं तर होडी अरुंद हवी, तळ सपाट हवा, गुडघाभर पाण्यात तरंगली पाहिजे. मुखाबाहेर जायचं तर तळ खाली निमुळता हवा, नाळ म्हणजे पुढचं टोक उंच हवं, काठ पाण्यापासून चांगला वर हवा. एका होडीत दोन्ही नीट जमत नाही. कुठे किती सोडायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं, आणि तिथेच माझं घोडं अडलं होतं.

मुखाचं पाणी तर फारच कठीण. कर्ली जिथे समुद्राला मिळते तिथे वाळूचा दांडा आहे आणि तो दरवर्षी जागा बदलतो. गेल्या वर्षीची वाट या वर्षी उथळ झालेली असते. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं. आमच्याकडे साधारण त्याच्या निम्म्याने. पण तेवढं पाणी सहा तासांत त्या अरुंद तोंडातून बाहेर पडायचं म्हणजे ओढ जबरदस्त लागते. पहाटे मतलई वारा जमिनीकडून वाहतो, पाण्याला धक्का लागत नाही. दुपारी खारा वारा सुटला आणि त्याच वेळी सुकती, म्हणजे ओहोटी, लागलेली असली, की आत येणारा वारा आणि बाहेर जाणारं पाणी समोरासमोर भिडतात. लाटा मोठ्या नसतात, पण आखूड आणि उभ्या होतात, एकीवरून उतरायच्या आत दुसरी समोर. लहान होडीची नाळ त्या दोन लाटांच्या मधल्या खड्ड्यात जाते. म्हणून लहान होडीवाला माणूस लवकर घरी येतो. होडी किती लहान घ्यायची याचा एक अर्थ आपण किती वाजता परतणार असाही आहे, हे मला वहीत लिहिताना सुचलं होतं आणि त्या दिवशी मी स्वतःवर खूश झालो होतो.

वहीत आणखी एक हिशेब होता. होडी लांबीने वाढते तेव्हा ती नुसती लांबीने वाढत नाही. रुंदी वाढते, खोली वाढते, म्हणजे वजन लांबीच्या घनाच्या हिशेबात वाढतं. १६ फुटांची होडी अडीचशे किलोची धरली, तर त्याच घडणीची २२ फुटी साडेसहाशेच्या आसपास जाते. फूट वाढले सहाच, वजन झालं अडीच पटीहून जास्त. उलट बाजूने १२ फुटी शंभर-एकशेपाच किलोत बसते. विकणारे नेहमी फुटांत बोलतात. "अजून चार फूट जास्त मिळतायत, भाव तेवढाच" असं म्हणतात तेव्हा ते चार फूट फुकटात मिळाल्यासारखे वाटतात. त्या चार फुटांसाठी लागणारं पेट्रोल, रंग, दोर, नांगर, जागा हे सगळं मागाहून कळतं.

२२ फुटी बघायला मी देवगडच्या बाजूला गेलो. माडाखाली उभी होती, निळ्या रंगाची, काठाला लाल पट्टा. तिच्याकडे बघताच छाती भरून आली हे मी लपवणार नाही. उंच नाळ, आत ऐसपैस जागा, मासळी ठेवायला झाकणाचा कप्पा, मागे ४० हॉर्सपॉवरचं इंजिन. तिच्यात उभं राहिलं की आपण वयाने दहा वर्षं लहान झाल्यासारखं वाटत होतं. मनात मी तिला मुखाबाहेर काढून निवतीच्या खडकांपर्यंत नेऊनही आलो होतो. मग इंजिनाचा खालचा दांडा दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवला. इंजिनासोबत मागची फळी हलली. थोडीच, कागद हलावा तशी. पण कोपऱ्यात केसासारखी चीर होती आणि हलवताना ती उघडमीट करत होती. बाहेरून फायबर असलं तरी त्या फळीच्या पोटात प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातून एकदा पाणी शिरलं की ते आतल्या आत वर्षानुवर्षं कुजत राहतं आणि वरचा रंग चकचकीतच दिसतो. मालकाच्या परवानगीने खालचा एक बोल्ट सैल केला. तपकिरी पाणी आलं, चहासारखं, आणि ओल्या लाकडाचा आंबूस वास. मालक भला माणूस होता, त्याचाच चेहरा उतरला. त्याला खरंच माहीत नव्हतं. होडी त्याच्या वडिलांची, नोंदणीही अजून त्यांच्याच नावावर, आणि वडील जाऊन दोन वर्षं झालेली. कर्जाचे हप्ते राहिलेत म्हणून विकतोय, म्हणाला. ४० चं इंजिन पूर्ण ताकदीने चालवलं तर तासाला १५ लिटरच्या घरात पेट्रोल पितं. एका तांबोशीसाठी ते कुणालाही परवडणार नाही. हे सगळं कळूनही परत येताना मी दोनदा मागे वळून पाहिलं.

१२ फुटी इथलीच, खाडीकाठच्या एका घरगुती हॉटेलवाल्याची. पाहुण्यांना फिरवायला घेतलेली, पाहुणे तिच्यात बसायला धजत नव्हते. एकट्याने उचलून सरकवता येते, वल्ह्यानेही चालते, किंमत तीस हजार. बायकोचं मत तिच्या बाजूने होतं. आम्ही दोघं तिच्यात बसून कांदळाच्या कडेने गेलो. पाणी इतकं शांत होतं की वल्ह्याचे थेंब पडलेले ऐकू येत होते. एका फांदीवर खंड्या बसला होता, होडी खालून गेली तरी हलला नाही. हीच घ्यावी असं मलाही वाटलं. मग पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, मारून बघावा म्हणून मी नाळेवर उभा राहिलो. पाग मारणाऱ्या माणसाचं सगळं वजन एका क्षणात एका बाजूला जातं, आणि त्याच क्षणी होडीने त्याला धरून ठेवायचं असतं. ही नाही धरू शकली. मी कसाबसा खाली बसलो, पाग अर्धवट उघडून पाण्यात पसरला. तेवढ्यात वॉटर स्पोर्ट्सची एक बोट लांबून वेगाने गेली. ती दिसेनाशी झाल्यावर तिच्या लाटा आमच्यापर्यंत पोचल्या. पहिली काठाखालून गेली, दुसरी काठावरून आत आली. घोटाभर पाणी. बायको काही बोलली नाही, तिने डबा घेतला आणि पाणी उपसायला लागली. तिच्या हातांची लगबग मला अजून दिसते. मुखाच्याही आत, भर खाडीत, ऊन पडलेलं असताना आम्ही दोघं घाबरलो होतो.

राहिली कोचरे गावची १६ फुटी.

तिचं सांगायचं तर दिसायला काहीच नव्हती. पांढरा रंग पिवळट झालेला, काठावर जाळं ओढून ओढून पडलेल्या खाचा, बसायच्या फळीला एका कोपऱ्यात कुणीतरी चाकूने मारलेल्या आडव्या रेषा. विचारलं तर मालक म्हणाला, ती त्याच्या मुलाची पट्टी. मुडदुसा किती बोटं भरला ते मोजायला पोराने लहानपणी केलेली. मी खिशातून दहाचं नाणं काढलं आणि नाळेपासून मागपर्यंत वीत-वीत अंतरावर वाजवत गेलो. फायबर सुकं आणि घट्ट असेल तर आवाज टणक येतो, आतून सुटलेलं नाहीतर पाणी धरलेलं असेल तर बद्द. दोन्ही बाजू टणक. तळाला एका जागी, तळहाताएवढ्या भागात, बद्द वाजलं. मालकाने आपणहून सांगितलं, खडकावर बसली होती, मी स्वतः दुरुस्त केली. तिथे हात फिरवला तर खडबडीत जोड हाताला लागला, लपवायचा प्रयत्नच नव्हता. मागची फळी हलली नाही. बोल्ट कोरडा निघाला, त्याच्यावरचा जुना काळा लेप सुरकुतलेला पण अखंड. इंजिन ९.९ चं, पूर्ण ताकदीला तासाला चारेक लिटर, आणि वजन चाळीस किलोच्या आसपास, म्हणजे काढून खांद्यावर घरी नेता येईल असं. एक गोष्ट मात्र चुकलेली होती. मागची फळी १५ इंचांची आणि इंजिन २० इंची लांब दांड्याचं. पंखा जरुरीपेक्षा पाच इंच खाली. खोल पाण्यात त्याने थोडं पेट्रोल जास्त जाईल, पण आमच्या मुखाच्या वाळूच्या दांड्यावर पाच इंच म्हणजे वाळू लागणं आणि न लागणं यातलं अंतर. फळीवर लाकडी ठोकळा चढवून ते नीट करता येतं, तसं नंतर केलंही. मी खाली उतरून तिच्याशेजारी उभा राहिलो तेव्हा मालकाने विचारलं नसतानाच सांगितलं, "झील गोव्याक गेलो. कंपनीत लागलो. आता ही ओढूक कोण?"

तेव्हा मी ते ऐकून सोडून दिलं. तात्यांच्या मांगरातून घरी परतताना आठवलं.

वापरलेली होडी विकायला निघते तेव्हा माणूस इंजिनाबद्दल, रंगाबद्दल, कागदांबद्दल विचारतो. का विकताय, हेही विचारतो, पण उत्तर कानाआड करतो, कारण त्यात होडीचा दोष शोधत असतो. तीन महिन्यांत मी विचारपूस केली अशा सात-आठ होड्या असतील. एकाचे हप्ते थकलेले. एकाने जाळ्याची मासेमारी सोडून पर्यटकांची बोट घेतलेली. बाकी बहुतेकांचं उत्तर एकच होतं, वेगवेगळ्या शब्दांत. मुलगा मुंबईला. भाऊ आखातात. पुतण्याने हॉटेल टाकलं. होडी चांगली आहे, इंजिन चांगलं आहे, खाडीत मासाही मिळतो. काठच्या पुळणीवर माणूस नाही.

आणि मग बाबा आठवले.

बाबांची होडी लाकडाची, उलांडीची. एकाच आंब्याच्या खोडात कोरलेलं बूड, वर फळ्या काथ्याने शिवून चढवलेल्या, बाजूला तोल सांभाळायला पांगाऱ्याची उलांडी. दर मे महिन्याच्या शेवटी ती वर यायची, माडांच्या मध्ये आडवी व्हायची, तिच्यावर झापं पडायची, आणि त्याआधी बाबा तिला काजूच्या टरफलांचं तेल द्यायचे. त्या तेलाचा उग्र वास चार दिवस घरात, अंथरुणात, भातातसुद्धा असायचा. तेल अंगाला लागलं तर कातडी भाजते, म्हणून आम्हा मुलांना जवळ येऊ देत नसत. ती होडी जड होती. ओली असली की फारच जड. ओढायला सहा माणसं लागायची, पाचांत कशीबशी निघायची. पण मला एकदाही आठवत नाही की बाबा माणसं गोळा करायला गेले. ते पाण्यातूनच हाक मारायचे, "ओऽऽ, होडी इली रेऽऽ!" आणि कुंपणाच्या वईपलीकडून, माडांमधून, कुणाच्या मागल्या दारातून माणसं यायची. तात्या यायचे, तेव्हा ते तरणेबांड होते. कुणी आंघोळीतून ओल्या पंचाने यायचा. खाली ओंडके घालायला आम्ही मुलं. मागचा ओंडका मोकळा झाला की उचलून धावत पुढे आणायचा, बोटं सांभाळायची. वर आल्यावर बाबा पाटीतून प्रत्येकाच्या हातात मूठभर मासळी द्यायचे. ती मजुरी नव्हती आणि दानही नव्हतं, तिला आम्ही वाटाच म्हणायचो. दुसऱ्या कुणाची हाक आली की बाबा निघायचे. जेवत असले तर उठायचे, भाताने माखलेला उजवा हात तसाच वर धरून डाव्या हाताने दाराची कडी काढायचे. आई मागून काहीतरी म्हणायची. ताटावर माशा बसू नयेत म्हणून मी त्यावर सूप झाकून ठेवायचो.

२०१५ च्या ऑक्टोबरात त्यांचा फोन आला होता. मी ऑफिसात होतो, जिन्यात येऊन बोललो. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "होडी बंद केलंय." मी म्हणालो, "बरं केलंत बाबा. आता वय झालं. आराम करा." पलीकडे ते गप्प राहिले. मग म्हणाले, "व्हय." मला वाटलं होतं हात थकले असतील, वल्हं ओढवत नसेल, डोळ्यांना पहाटेचं दिसत नसेल. मी कुणाकुणाला सांगितलंही, बाबांनी आता मासेमारी सोडली, वय झालं त्यांचं. त्यांचं वय तेव्हा ६९ होतं, आणि त्याच वर्षी आंब्याच्या पेट्या ते स्वतः उचलत होते. त्यानंतर तीन मे महिने ते होडीला तेल देत राहिले. गावी गेलो की तो वास यायचा आणि मी म्हणायचो, बाबा, वापरत नाही तर कशाला तेल देता. ते म्हणायचे, लाकूड आहे, सुकतं.

तात्यांच्या प्रश्नानंतर तिसऱ्या दिवशी रात्री मला झोपेतून जाग आली. त्या ऑक्टोबरात वाडीत कोण कोण होतं, ते मी अंथरुणातच बोटांवर मोजत होतो. तात्या, पण त्यांचं कंबरेचं दुखणं त्याच वर्षी सुरू झालेलं. वईपलीकडच्या घरातले दोघे भाऊ मुंबईला. त्यापलीकडच्या घराला कुलूप. मी पुण्यात. तात्या आणि बाबा धरून तीन माणसांच्या पुढे माझी बोटं गेली नाहीत. ओली होडी, सहा माणसांची.

त्यांनी मला ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, हेही मला ठाऊक आहे. मी म्हणालो असतो, बाबा, विंच बसवू. पैसे पाठवले असते.

विंचचा सल्ला मलाही मिळाला. पुण्याच्या मित्राने दिला आणि तो चुकीचा नाही. काठावर पक्का खांब पुरायचा, तारेचा दोर, हाताने फिरवायचं चाक, एकटा माणूस २२ फुटीसुद्धा वर घेऊ शकतो. अनेकांनी बसवलेत. दुसरा मार्ग म्हणजे होडी पाण्यातच नांगरून ठेवायची. खाडीत तेही चालतं. पण मग तळाला शिंपल्यांचा थर धरतो, महिन्याभरात ती जड आणि मंद होते, आणि पावसात कर्लीला पूर आला की वरून येणारे ओंडके तिला सोडत नाहीत. मला विंचबद्दल राग नाही. उद्या वाडीत माझ्याशिवाय कुणी उरलं नाही तर मी बसवेन. पण त्या रात्रीनंतर मला १२ फुटी घ्यावीशी वाटेना, आणि त्याचं कारण तिच्यात आलेलं पाणी एवढंच नव्हतं. ती मला एकट्याला ओढता आली असती. कुणाला हाक मारायची वेळच आली नसती.

मी पुन्हा तात्यांकडे गेलो. या वेळी वही नेली नाही. म्हटलं, "तात्यानू, माणसा मोजलंय." आणि सांगितलं. मी, बायको, शेजारच्या बागेत राखणीला असलेला नेपाळी मुलगा, तो येईन म्हणालाय, आणि पलीकडच्या हॉटेलात स्वयंपाक करणारा एक, तो सकाळी सहाला उठतोच. तात्यांनी विचारलं, "नेपाळ्याक होडी ठावक आसा?" मी म्हणालो, नाही, त्याच्या गावाला नदी आहे पण होडी नाही. तात्या थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चार. चारांक सोळा फूट रग्गड."

घेण्याआधी तात्या माझ्यासोबत कोचऱ्याला आले. कंबरेला पट्टा बांधून, एवढ्या लांब, जीपमध्ये पुढच्या सीटवर. होडी पाण्यात घातली. मला, मालकाला आणि आणखी एकाला त्यांनी एकाच काठावर बसवलं आणि स्वतः मांडीभर पाण्यात उभे राहिले. "हलू नको कोण." काठापासून पाण्यापर्यंत त्यांनी हात लावला. एक वीत आणि वर दोन बोटं. मग आम्हाला मधोमध बसवलं. वीत आणि सहा बोटं. मग मला नाळेवर उभं करून सांगितलं, मार पाग, जाळं नसलं तरी मार. मी रिकाम्या हातांनी पाग फेकल्यासारखं केलं. होडी एका बाजूला झुकली, थांबली आणि परत आली. ती परत येताना पायाखाली जे जाणवतं ते सांगता येत नाही. पडत असताना कुणी कोपर धरावं तसं. तात्यांनी ओला हात लुंगीला पुसला आणि पहिल्यांदा हसले.

पाण्यात घालायला अष्टमी धरली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा हिशेब बाबांनी मला शाळेत पाढे यायच्या आधी शिकवला होता. आठाची पाऊणपट सहा. सहाला पाणी भरलेलं, म्हणजे पुळणीवरून दहा पावलं ढकललं की झालं. शिवाय अष्टमीला भांग असते, पाण्याला ओढ कमी. नवख्या होडीला आणि नवख्या माणसांना तो दिवस बरा. साडेपाचला अंधार होता. थंडी होती. नेपाळी मुलगा कानटोपी घालून आधीच येऊन बसला होता. स्वयंपाकी आला, त्याच्या अंगाला फोडणीचा वास. तात्या ओंडक्यांशी उभे राहिले. ढकलायचं त्यांनी कधीच सोडलंय, पण कुठला ओंडका कधी उचलायचा ते तेच सांगत होते, आणि उचलायला माझी बायको. काठ धरला तेव्हा फायबर थंडगार आणि दवाने ओलं होतं. पहिल्या जोराला ती हललीच नाही. माझ्या पोटात गोळा आला. तात्या म्हणाले, एकदम नको, आवाजावर. आणि त्यांनी आवाज दिला. तो आवाज मी वीसेक वर्षांनी ऐकत होतो, म्हातारा झालेला, मधेच फाटणारा, पण तोच. दुसऱ्या जोराला ती सुटली. नेपाळी मुलगा पाण्यात गुडघाभर गेला तरी तिला सोडेना, मी ओरडलो, सोड, सोड आता, तेव्हा त्याने सोडली आणि हसत तिथेच उभा राहिला.

त्या दिवशी मिळाली ती चार काळुंदरं आणि एक वीतभर तांबोशी. साडेनऊला परतलो तेव्हा पाणी उतरू लागलं होतं, पुळण रुंद झाली होती. इंजिन उचलून ठेवलं, पाण्यातच उभा राहिलो आणि हाक मारायला तोंड उघडलं, तर आवाज निघेना. लाज वाटत होती, आणि भीतीही की कुणी आलं नाही तर. मग मारली. वई हलली. काळुंदरं नीट वाटली गेली, तांबोशी तात्यांच्या घरी गेली.

परवा संध्याकाळी खळ्यात बसून चहा पीत होतो. उन्हं उतरली होती, बायको आत निवडणं करत होती. खाडीच्या अंगाने हाक आली. नीट ऐकू आली नाही, वाऱ्याने अर्धी नेली, पण शेवटचा "इली रेऽऽ" कळला. दोन घरं पलीकडचा, अजून एकटाच वल्ह्याची होडी चालवतो तो म्हातारा. मी कप तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला. आतून बायकोने विचारलं, कोण? मी तोवर वईपर्यंत पोचलो होतो, आणि पुढे माडांमधून नेपाळी मुलगा धावताना दिसत होता.